कोऱ्या पाठींसकट

आमच्या बरकतपुऱ्यातल्या ऑफिसात वडिलांच्या काळापासून कारकून असलेले शिवराजकाका कुणावरच विश्वास ठेवत नाहीत. चहावाल्याने न सांगता साखर कमी घातली, तरी त्यात त्यांना डाव दिसतो. मी वकील, नावाला मालक. पण त्यांच्यापुढे माझी डाळ शिजत नाही.

सरूबाईंच्या घराचा दावा आम्ही खालच्या कोर्टात हरलो होतो. अपिलाचा आज शेवटचा दिवस, आणि समोरची पार्टी ताबा घ्यायला टपलेली. आता सगळं ऑनलाइन भरायचं, म्हणून घराचं जुनं उर्दू खरेदीखत आणि बाकीचे कागद काकांनी स्वतः स्कॅन केले. रंगीत, मोठ्यात मोठे, आणि प्रत्येक कागदाची कोरी पाठसुद्धा! "उद्या म्हणतील, मागं काहीतरी लिहिलेलं होतं, ते लपवलं."

अपलोडचं चक्र दुपारपासून फिरत होतं. अर्ध्यावर जायचं, बंद पडायचं, की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

"काका, फाइल खूप हेवी आहे. कॉम्प्रेस करते ना," माझी ज्युनियर अमृता म्हणाली.

"दाबणार? अन् दाबताना शिक्का गेला म्हंजे? नक्को!" काका कडाडले. अमृता पूर्वी समोरच्या वकिलाकडे कामाला होती, एवढं त्यांना पुरेसं होतं. ते खुर्ची सोडेनात. मला तर असा राग आला की विचारू नका.

तेवढ्यात सरूबाई आल्याचा खालून निरोप आला. "तुम्हीच त्यांना धीर द्या," म्हणून मी काकांना पिटाळलं आणि अमृताला खूण केली. तिने कोऱ्या पाठी काढल्या, फाइल लहान केली. काका वर आले, तेव्हा अपील दाखल होऊन त्याचा नंबर पडद्यावर आला होता.

काकांनी भिंग घेऊन एकेक पान ताडून पाहिलं. शिक्के शाबूत होते.

"पाठी कुठं गेल्या?"

"मी काढल्या," अमृता म्हणाली. "तुम्ही खाली होतात तेव्हा."

आता हे आकाशपाताळ एक करणार, असं मला वाटलं. पण ते भिंग खिशात ठेवून जिना उतरले. मीही मागोमाग गेलो.

अपील दाखल झाल्याचं ऐकून सरूबाईंनी हात जोडले. "तुम्ही होता म्हणून झालं, भाऊ."

काका झटकन मागे सरले. "मला नका हात जोडू, बाई. आज माझ्या एकट्याच्या भरवशावर राहिल्या असत्या, तर घर गेलं असतं तुमचं."