माझी सरकारी चौकशी

मी पोटापाण्यासाठी काय करते हे मराठीत सांगायला गेलं की घोटाळा होतो. इंग्रजीत मी पॉलिसी रिसर्चर आहे. त्याने कुणाला काहीच कळत नाही, म्हणून पुढचा प्रश्नही येत नाही. खरं काम असं, की ब्रिटनमध्ये काही मोठं विपरीत घडलं, माणसं गेली किंवा सरकारी खात्यांनी घोळ घातला, की तिथलं सरकार जाहीर चौकशी नेमतं. कुणी निवृत्त न्यायाधीश अध्यक्ष होतात, वर्षानुवर्षं साक्षी चालतात, आणि तिथे उच्चारलेला शब्द न् शब्द, खोकला तेवढा सोडून, सगळ्यांसाठी खुला होतो. ते सगळं मी न्यू जर्सीत बसून वाचते. हे करायला कुणी पगार देतं यावर माझ्या नवऱ्याचा अजून विश्वास नाही. मला मात्र त्या पानांची चटक लागली आहे. एखादा बडा सचिव तीनदा ‘आठवत नाही’ म्हणतो आणि चौथ्यांदा वकील त्याचाच ईमेल काढून त्याच्यासमोर ठेवतो, तेव्हा मी खुर्चीतल्या खुर्चीत टाळी वाजवते.

गेल्या दिवाळीच्या सुमाराला आमच्या संस्थेचं या विषयावरचं पुस्तक संपत आलं होतं आणि माझं एक प्रकरण अडलं होतं. या चौकशांमध्ये हल्ली एक प्रथा आहे. पुरावे सुरू होण्याआधी गेलेल्या माणसांच्या घरच्यांना बोलू देतात. काय चुकलं, कुणी केलं, ते नंतर. आधी ते माणूस कसं होतं एवढंच सांगायचं. मी त्याला माझ्यापुरतं शब्दचित्र म्हणते. मग कुणाची आई सांगते, हा फ्रिजचं दार कधी म्हणून नीट लावायचा नाही. कुणाची नात सांगते, आजोबा सायकलला नावाने हाक मारायचे. वकील पेन खाली ठेवून ऐकतात. मी या दिवसांवर एक अख्खं प्रकरण लिहिलं होतं आणि मला ते पुस्तकातलं सगळ्यात चांगलं वाटत होतं.

आमची प्रमुख ओहायोची आहे. गोल गोल बोलणं तिला जमत नाही. ती म्हणाली, “वाचताना मी रडले. पण यातून निष्पन्न काय होतं? अहवालातली एक तरी ओळ यामुळे बदलते का? शुक्रवारच्या मीटिंगमध्ये उत्तर दे. नसेल, तर प्रकरण काढू.”

मला भयंकर राग आला, कारण प्रश्न बरोबर होता. उत्तर माझ्याकडे नव्हतं. प्रकरण गेलं तर मुखपृष्ठावर माझं नाव आलं काय आणि न आलं काय, मला सारखंच होतं.

अशा तापलेल्या डोक्याने मी शनिवारी दुपारी इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी फराळाला गेले. शाळेचं कॅफेटेरिया, हातात कागदी प्लेट आणि पुढे लांबलचक रांग. रांगेत माझ्यापुढे काकू होत्या. काका-काकू आमच्या रस्त्याच्या टोकाला राहतात. काका निवृत्त भूलतज्ज्ञ. पन्नासेक वर्षांपूर्वी नागपूरहून आले. काकूंना आमच्या पिस्कॅटवे गावातल्या एकूण एक मराठी घरात काय शिजतंय हे ठाऊक असतं.

“काय गं, हल्ली दिसत नाहीस? किती वेट लूज केलंस.”

“चौकशीत अडकलेय हो काकू. संपता संपत नाही.”

“चौकशी? कसली, सरकारी?”

“सरकारीच. हजारो पानं झालीत. आता शुक्रवारी काय तो निकाल.”

काकूंच्या हातातला डाव चिवड्यात तसाच राहिला. त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, “घरी माहितीये?”

“माहितीये की. ऐकून ऐकून कंटाळलेत.”

तेवढ्यात रांग पुढे सरकली आणि मी चकलीच्या मागे लागले. यात काही वावगं बोलले असं मला अजूनही वाटत नाही.

रविवारी मंडळातल्या एक मावशी आल्या. हातात पुरणपोळ्यांचा डबा. दारातच माझा हात घट्ट धरला, “काही बोलू नकोस,” म्हणाल्या आणि गेल्या. मला वाटलं, दिवाळी आहे. सोमवारी मसालेभात आला. मंगळवारी दोन घरांतून एकच भाजी आली, म्हणजे यामागे नियोजन नव्हतं, मनापासूनच चाललं होतं. नवऱ्याला इंडियन ग्रोसरीत कोथिंबिरीपाशी एका गृहस्थांनी मिठी मारली. “वी आर विथ यू, यार,” असं म्हणून ते आपली कार्ट ढकलत निघून गेले. नवरा त्यांना ओळखतही नव्हता. मुलीने फ्रिज उघडला आणि विचारलं, “मॉम, आर वी सिक ऑर समथिंग?”

बुधवारी दुपारी काका स्वतः आले. एरवी ते अंगणातूनच बोलतात. त्या दिवशी बूट काढून आत आले, सोफ्यावर बसले आणि आधी माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. आयुष्यभर माणसं गुंगीत जाताना आणि बाहेर येताना पाहिलेला माणूस, त्यांची नजर तशीच आहे.

“झोप लागते?”

“लागते की.”

“जेवतेस वेळेवर? ऑफिसमध्ये बोलायला कुणी आहे?”

“आहे, काका. पण झालंय काय?”

त्यांनी एक जाड पिवळा लिफाफा टेबलावर ठेवला. “लॉयर केला नसशील तर आमच्या पुतणीचा क्लासमेट आहे, इमिग्रेशनचंच करतो. आणि ही पत्रं. शुक्रवारी हिअरिंगला लागतील. तुझं कॅरेक्टर काय आहे हे लोकांनी लिहून दिलंय. मी सगळ्यांना कॉल केला.”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. हल्ली इथे आपल्या लोकांत सरकारी चौकशी म्हटलं की एकच अर्थ होतो, इमिग्रेशनवाले मागे लागले. मी घाईघाईने म्हणाले, “काका, अहो, तसं काही नाही, माझं काम—”

“मला डिटेल नको,” ते म्हणाले. “काय केलंस, नाही केलंस, ते विचारायला मी आलो नाही.” चहालाही न थांबता ते निघाले. मी ओशाळून दारात उभी राहिले. मग आत येऊन लिफाफा उघडला.

आठ पत्रं होती. बहुतेक इंग्रजीत, सगळी ‘ज्यांच्याशी संबंधित असेल त्यांना’ अशा मायन्याची. एका इंजिनिअर गृहस्थांनी लिहिलं होतं की मी डबा कधीही रिकामा परत करत नाही आणि यावरून माणूस ओळखावं. माझ्या रविवारच्या मराठी वर्गात येणाऱ्या, इथेच जन्मलेल्या मुलीने लिहिलं होतं की मी ‘ळ’च्या बाबतीत फार कडक आहे, तिच्याकडून तो शंभर वेळा म्हणवून घेतला, आणि म्हणून आता ती आजीशी फोनवर न लाजता बोलते. काकूंचं पत्र मराठीत होतं. नातवाने खाली त्याचा इंग्रजी अनुवाद जोडला होता. ‘ही मुलगी बोलायला फटकळ आहे. कार्यक्रमाला हमखास उशिरा येते. पण शेवटची खुर्ची उचलल्याशिवाय घरी जात नाही.’

मी हसत हसत वाचत होते आणि ‘शेवटची खुर्ची’पाशी मला रडू फुटलं. आठही पत्रांत मी काय गुन्हा केला असेल याबद्दल एक शब्द नव्हता. कुणी विचारलंच नव्हतं. आणि मी इतकी वर्षं वाचत होते ती शब्दचित्रं हीच होती, फक्त ती ऐकायला त्यातलं माणूस उरलेलं नसायचं. मला मात्र माझी वाचायला मिळाली. इतका आनंद मला माझ्या पीएचडीच्या दिवशीही झाला नव्हता.

शुक्रवारी मी नेहमीचे आकड्यांचे तक्ते नेले नाहीत, लिफाफा नेला. प्रमुखने एकेक पत्र वाचलं. ‘फटकळ’ला ती मोठ्याने हसली आणि ‘हे पटलं’ म्हणाली. मग ‘ळ’ म्हणून दाखवायला लावला आणि स्वतः तीनदा प्रयत्न करून सोडून दिला.

“पण आरोप काय होता?” तिने विचारलं.

“काहीच नाही.” मी तिला शब्दाचा घोटाळा सांगितला. आमच्या भाषेत दोष शोधायचा असला तरी चौकशी करतात, आणि कुणी बरं आहे ना हे विचारायचं असलं तरीही चौकशीच करतात. लोकांनी माझी दुसरी चौकशी केली, पहिली केलीच नाही. “ब्रिटनमधल्या या समित्यांनी दोन्ही करायच्या ठरवल्या आणि दुसरी आधी ठेवली. अहवालाची ओळ बदलत नाही. ती ओळ कुणाबद्दल आहे, ते आधी कळतं. हेच निष्पन्न.”

तिने पत्रं नीट लावून लिफाफ्यात घातली. “प्रकरण राहू दे,” ती म्हणाली. “आणि पुढे आण. पहिलं कर.” माझा जीव भांड्यात पडला. पार्किंग लॉटमध्ये मी गाडीच्या टपावर ताल धरला आणि शेजारच्या गाडीतल्या माणसाने काच खाली करून माझं अभिनंदन केलं. कशाबद्दल ते त्यालाही माहीत नव्हतं.

शनिवारी सकाळी नारळाच्या वड्या केल्या आणि काका-काकूंना खरं सांगायला गेले. काकू कपाळाला हात लावून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. काका हसले नाहीत.

“म्हणजे आरोपच नव्हता?”

“नव्हता, काका.”

“मग पत्रं वाया गेली.”

“नाही गेली.” मी त्यांना मीटिंगचं सगळं सांगितलं, दोन चौकशांचंसुद्धा. ते ऐकत राहिले. मग उठून आत गेले आणि एक जुनी फाइल घेऊन आले. काकूंचं हसू थांबलं.

“इथे आल्यावर चौथं-पाचवं वर्ष असेल,” काका म्हणाले. “ऑपरेशन चालू असताना माझा एक पेशंट गेला. हॉस्पिटलने माझी इन्क्वायरी लावली. जवळजवळ वर्षभर. भूल किती दिली, किती वाजता दिली, बरोबर प्रश्न होते. शेवटी हे आलं.” फाइलमध्ये एकच कागद होता आणि त्यावर एकच ओळ होती, की डॉक्टरांचा दोष आढळला नाही.

“आपली मोजकीच घरं होती तेव्हा,” काकू म्हणाल्या. “वर्षभर कुणी फोन केला नाही.”

“चांगली माणसं होती,” काका म्हणाले. “त्यांना वाटायचं, विचारलं तर मला लाज वाटेल. नसती वाटली. एखादं पत्र असतं ना, तरी पुरलं असतं.”

मला त्या माणसाची इतकी माया वाटली, की मी काकूंकडे कागद मागितला आणि तिथेच डायनिंग टेबलावर लिहायला बसले. मराठीत लिहिलं. हे गृहस्थ बर्फ पडला की स्वतःच्या आधी शेजाऱ्यांचा रस्ता साफ करतात. ‘जेवलीस का’ विचारतात आणि उत्तर येईपर्यंत थांबतात. आरोप काय हे न विचारता घरोघर फोन करतात. ‘डिटेल नको’ म्हणतात आणि चहा न घेता जातात, हा त्यांचा दोष. पान भरलं.

“तारीख कोणती घालू?” मी विचारलं.

काकांना आठवावं लागलं नाही. त्यांच्या इन्क्वायरीच्या त्या वर्षातला एक दिवस, एक महिना त्यांनी सांगितला. तेव्हा माझा जन्मही झालेला नव्हता. मी तीच तारीख घातली, खाली सही केली, आणि काकांनी ते पत्र उभ्याउभ्याच दोनदा वाचलं.