यशयामामाची साक्ष

कर्जतचा यशयामामा गोऱ्या साहेबाचा ड्रायव्हर. १९४८ साली साहेबानं त्याला फ्रान्सला नेलं. बिछाना आणि चूल बसवलेली घरासारखी मोटार मामानं महिनाभर द्राक्षमळ्यांमधून बैलगाडीच्या चालीनं हाकली. परतल्यावर चर्चमध्ये साहेब ऐटीत म्हणाला, "सगळा प्रवास मी स्वतः गाडी चालवून केला."

मामा पेटला. देवानं आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगायचं, ती साक्ष; आणि साक्ष देणाऱ्याला मध्येच अडवायचं नाही, ही आमच्या चर्चची रीत. मामा साक्षीलाच उभा राहिला.

"देवासमोर सांगतो, साहेबानं एक मैलबी गाडी चालवली न्हाई. मागं घोरत पडला हुता. वर देवाच्या घरात खोटं बोलतोय."

साहेब लालबुंद झाला. मंडळी सवयीनं म्हणाली, "आमेन."

नोकरी तिथंच गेली. "आता खरंच चालव म्हणावं," म्हणत मामा पायी घरी निघाला.