चौकच्या नाक्यावरचा सत्त्याण्णव टक्क्यांचा बॅनर

चौक गावच्या नाक्यावर रिक्षातून उतरले आणि समोर माझाच फोटो. भाचीच्या हळदीतला, डोळ्यांवर गॉगल, गालाला हळद फासलेली. माझा व्हॉट्सअॅपचा डीपी कुणीतरी उचलून थेट फ्लेक्सवर चढवला होता. वर हात जोडलेले भाऊ, म्हणजे आमच्या भागातले पुढारी. मधोमध माझी विद्यार्थिनी प्रणाली, पासपोर्टच्या फोटोत माणूस दिसतो तशी घाबरलेली. खाली मजकूर: 'एमबीए परीक्षेत ९७ टक्के मिळवून लोधिवलीचे नाव उज्ज्वल केल्याबद्दल कु. प्रणाली हिचे हार्दिक अभिनंदन!'

परीक्षेला अजून दोन महिने होते.

मी कर्जतला भिसेगावात एमबीएच्या एन्ट्रन्सचा क्लास घेते. त्याआधी बरीच वर्षं खालापूरकडच्या एका फॅक्टरीत एचआरमध्ये होते. तिथे लोकांना समजावण्याचा भरपूर सराव झाला होता, पण अशी केस तिथेही आली नव्हती.

झालं होतं ते एवढंच. मी मुलांना दर रविवारी मॉक द्यायला लावते. मॉक म्हणजे खऱ्या परीक्षेची रंगीत तालीम, ऑनलाइन, घड्याळ लावून. त्या रविवारी पेपर सोपा निघाला आणि प्रणालीला सत्त्याण्णव पर्सेंटाइल आले. ती आनंदाने घरी बोलली. तिच्या वडिलांनी, दत्तारामभाऊंनी, ते ऐकलं आणि सरळ फ्लेक्सवाल्याकडे गेले.

जुन्या हायवेवर दत्तारामभाऊंचा ढाबा आहे. मी तडक तिथे गेले.

"दत्तारामभाऊ, हे काय केलंत? परीक्षा अजून व्हायचीय."

"मंग ही कंची दिली तिनं?"

"ती मॉक. सरावाची."

"सरावात सत्त्यान्नव, तर खऱ्या परीक्षेत काय राडा करंल! बसा, मिसळ सांगतो."

"आणि ते टक्के नाहीत, पर्सेंटाइल आहेत. समजा, या हायवेवरून शंभर गाड्या सुटल्या. सत्त्याण्णव तुमच्या मागे राहिल्या. तुमचा स्पीड किती होता, ते त्यातून कळत नाही. मागच्या निम्म्या गाड्या पंक्चर असतील."

त्यांनी नीट विचार केला.

"पण मागं हायत ना सत्त्यान्नव? तेच लिवलंय आमी."

मी नाद सोडून पाव मोडला. मिसळ मात्र चांगली होती.

"निदान बॅनर तरी उतरवा."

"तेवढं सांगू नका, मॅडम. वर भाऊंचा फोटो हाय. उतरवला तर भाऊ म्हनतील, दत्तारामला माज आला."

आमच्याकडे बॅनर उतरवत नाहीत. त्याच्यावर दुसरा चढेपर्यंत तो तिथेच राहतो. भाऊंचा वाढदिवस परीक्षेनंतर होता.

प्रणालीसाठी ही गंमत नव्हती. बी.कॉम. झाल्यावर ती एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर होती. ती नोकरी सोडून ती अभ्यासाला बसली, तेव्हा दत्तारामभाऊंनी अट घातली होती: एक वर्ष. नंबर लागला तर शीक, नाही लागला तर दाखवू त्या मुलाशी लग्न. बॅनर लागल्यावर आठवड्याभरात पनवेलचं एक स्थळ आलं. मुलाकडच्यांना सत्त्याण्णववाली सून हवी होती.

त्यानंतर सत्कार सुरू झाले. शाळेत सत्कार, मित्रमंडळात सत्कार, बचत गटात सत्कार. प्रत्येक ठिकाणी शाल, श्रीफळ आणि 'आजच्या तरुणांनी काय करावं' यावर दोन शब्द. प्रणाली दोन शब्द बोलून येई आणि अभ्यासाला बसायची ताकद उरत नसे. मग मीच दत्तारामभाऊंना सांगितलं की परीक्षेआधी सत्कार स्वीकारला तर उमेदवार बाद होतो.

"असा नियम हाय?"

"एमबीएचा आहे."

नियम म्हटल्यावर त्यांनी ठरलेले सत्कार रद्द केले. मला जराही वाईट वाटलं नाही.

तोवर तिचे मॉक कोसळले होते. आधी चौऱ्याऐंशी, मग बहात्तर. मी तिला समोर बसवलं आणि पेपर उघडला. मॉक देणं हे अर्धंच काम असतं. उरलेलं अर्धं, जे कुणालाच नको असतं, ते म्हणजे झालेल्या चुका एकेक करून बघणं. मी चुकांचे तीन ढीग करायला लावते. एक, येतच नव्हतं. दोन, येत होतं पण घाईत घोटाळा केला. तीन, त्या प्रश्नाच्या वाटेलाच जायला नको होतं. प्रणालीच्या जवळजवळ सगळ्या चुका तिसऱ्या ढिगात पडल्या.

या परीक्षेत चुकलेल्या उत्तराचे मार्क कापतात. शिवाय पेपर मुद्दाम असा काढतात की तो सगळा सोडवून होऊ नये. काही प्रश्न तर केवळ आपला वेळ खायला ठेवलेले असतात. ते ओळखून पुढे सरकायचं, हाच अर्धा अभ्यास. प्रणालीला हे छान जमायचं. आता ती एकही प्रश्न सोडत नव्हती.

"हा पाच प्रश्नांचा सेट का घेतलास? वाचतानाच कळतंय की यात पाय घातला की माणूस गेला."

"सोडून कसा देऊ, मॅडम? पाण्याला गेले तरी बायका विचारतात, सत्त्यान्नव आले, मग तीन कुठं गेले गं?"

मी हसले. ती हसली नाही.

"मला भीती वाटते," ती म्हणाली. "नंबर नाय लागला तर बाबा पनवेलवाल्यांना हो म्हनतील. मला नाय करायचं आत्ता लग्न. मला शिकायचंय." आणि ती रडायला लागली. मला त्या क्षणी तो बॅनर स्वतः जाऊन फाडावासा वाटला.

फाडता येत नव्हता, म्हणून मी मार्कांची पद्धत बदलली. पुढच्या तीन मॉकना तिच्या बरोबर आलेल्या उत्तरांचे मार्क मी मोजलेच नाहीत. पेन खाली ठेवून प्रश्न वाचायचा आणि फक्त सांगायचं: घेणार की सोडणार. सोडण्यासारखा प्रश्न सोडला की मार्क मिळणार, नको तो घेतला की कापणार. पहिल्यांदा तिला काही पटेना. वर्गातली मुलं म्हणाली, मॅडम, आम्हाला पण हीच परीक्षा द्या, आम्ही यात बोर्डात येऊ. पण हळूहळू तिचा हात थांबायला लागला. तिसऱ्या मॉकला एक भलामोठा सेट बघून ती स्वतःशीच म्हणाली, "जा रं बाबा तू," आणि पुढे गेली. मला फार बरं वाटलं.

दुसरं काम म्हणजे दत्तारामभाऊंना लांब ठेवणं. दर रविवारी संध्याकाळी त्यांचा फोन यायचा.

"मॅडम, आज किती?"

"सर्व्हर डाउन आहे."

परीक्षा होईपर्यंत आमचा सर्व्हर डाउन होता.

परीक्षेचं सेंटर नवी मुंबईत होतं. मी आणि दत्तारामभाऊ गेटबाहेर उभे. प्रणाली बाहेर आली तशी दत्तारामभाऊ पुढे धावले.

"सगळा सोडवलास ना?"

"नाय बाबा. निम्मा सोडून दिला."

दत्तारामभाऊ तिथेच कठड्यावर बसले. मी तिची पाठ थोपटली, तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच पेपर फाडलाय.

निकाल लागला. एक्क्याण्णव पर्सेंटाइल. खऱ्या परीक्षेत, राज्याबाहेरच्या पोरांशी टक्कर घेऊन एक्क्याण्णव! माझ्या क्लासला त्या वर्षी तेवढे कुणालाच नव्हते. मी पेढे घेऊन ढाब्यावर गेले, तर तिथे सुतक. चार माणसं दत्तारामभाऊंचं सांत्वन करत बसली होती. होतं असं, दत्ताराम. पोर हुशार हाय, पन घसरली.

थोड्याच दिवसांत नवी मुंबईतल्या एका कॉलेजचा इंटरव्ह्यूचा कॉल आला, इंटरव्ह्यू झाला, यादीत नावही लागलं. तरी दत्तारामभाऊ अडून बसले.

"मॅडम, खरं सांगा. ह्याला नंबर लागला म्हनायचं का?"

"लागला. तुम्ही शब्द दिला होतात."

ते डोकं खाजवत होते, तेवढ्यात पनवेलहून फोन आला. दत्तारामभाऊंनी तो सवयीने स्पीकरवर टाकला. मुलाचे काका बोलत होते. मुलीचे टक्के कमी झाल्याचं कानावर आलंय, तेव्हा आम्ही जरा विचार करतो म्हणाले.

दत्तारामभाऊ ताडकन उठले. "कमी? माझी पोर कमी? तुमचा पोरगा बारावीला कितव्यांदा सुटला ते इचारा आधी!" फोन कापला आणि आत भाजी निवडत बसलेल्या प्रणालीला हाक मारली. "ए पोरी, उठ. भर ती अॅडमिशन. बघतोच कोन कमी म्हनतो ते!"

प्रणाली आता हॉस्टेलवर राहते. मार्केटिंग घेतलंय.

क्लासमध्ये नवी मुलं आली की मी पहिल्याच दिवशी सांगते: जो प्रश्न आपला नाही, त्याच्या वाटेला जाऊ नका. आणि मॉकचा निकाल घरी सांगू नका. घर हायवेला लागून असेल तर अजिबातच नको.