निकेलभोवतीचे चार

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी भिलाई-3 च्या रेल्वे यार्डात ड्यूटीवर होतो. आठवड्याभरानं शोकसभा झाली, तीही तिला वर्षापूर्वी काढून टाकणाऱ्या कोचिंग क्लासच्या एसी हॉलमध्ये. संचालक माइकवर डोळे पुसत होते. डोळे कोरडे होते. मी पहिल्याच रांगेत होतो, मला नीट दिसलं.

माझी ही मोठी बहीण, कुंदाताई, तिथं अकरा वर्षं रसायनशास्त्र शिकवायची. धातूच्या अणूभोवती कोण येऊन बसतं आणि त्यातून कोणता आकार होईल हे आधीच ओळखायचं, हा तिचा लाडका धडा. संचालकांनी नोट्समध्ये त्याची एक ओळ करून टाकली : चार जोडले तर टेट्राहेड्रल, सहा तर ऑक्टाहेड्रल. पाठ करा, पुढे चला... ताईनं भर वर्गात ती ओळ मुलांना खोडायला लावली. निकेलभोवती चार क्लोराइड आले तर टेट्राहेड्रलसारखे वर-खाली चार दिशांना पसरतात, चार सायनाइड आले तर सपाट चौकोनात बसतात. नुसतं मोजून भागत नाही.

संचालकांनी बोलावून घेतलं. "मॅडम, इतनी देर में दस सवाल हो जाते हैं. सबके सामने माफी माँग लीजिए."

त्या संध्याकाळी मी तिच्या बोरसीच्या घरी गेलो. म्हणालो, "ताई, म्हणून टाक ना सॉरी. काय बिघडते तुह्यं?"

ती भाजी निवडत होती. "चूक त्यानं छापली अन् माफी मी कावून मागू? तू बी त्याच्याच बाजूनं बोलून राहिला."

 त्या संचालकाची कीव करावी एवढीही लायकी नाही. पण त्या दिवशी माझी तरी कुठं होती?

शोकसभेनंतर संचालकांनी दारात माझ्या हाती पुस्तिका दिली. 'कुंदा मॅडम स्मृती नोट्स'. वर ताईचा फोटो, आत तीच ओळ, जाड अक्षरांत. मी म्हणालो, "यात चूक आहे."

"कौनसी?" त्यांनी विचारलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं. मी सांगू लागलो, सायनाइडपर्यंत पोचलो आणि अडखळलो. त्यांनी घड्याळ पाहिलं. मी पुस्तिका त्यांना परत दिली.

नोकरी गेल्यावर ताई रविवारी घरीच मुलींना शिकवायची. त्या मुली अजून येतात. मोठ्या धाकट्यांना शिकवतात. भिजवलेल्या चण्यांत टूथपिक खुपसून टेबलावर आकार करतात, त्यावरून भांडतात... मला त्यातलं काही कळत नाही. शनिवारी ड्यूटीवरून येताना मी तिच्या घरी थांबतो आणि चणे भिजत घालतो.