शेवटच्या कॉलमात निरंक

आकडे गोळा कराची नोकरी करून पाहा. आकडे कधी पुरे येत नाहीत, किस्से मात्र न मागता येतात! ईमेलनं येतात, व्हॉट्सॲपवर येतात, काही तं सोता फोन करून येतात. माह्यापाशी आता ठेवाले जागा नाही उरली, म्हणून तुम्हाले सांगून राहिली. पहिले चाय घ्या. तेजपत्ता टाकला आहे, नाक मुरडू नका.

मी काय काम करते ते आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, अजून कोणाले समजलं नाही. शेजारची काकू सगळ्यायले सांगते, "रामटेकेबाई पोलिसात आहे." पोलिसात नाही हो! नवा रायपूरले आमचा एक सेल आहे. राज्यातल्या ठाण्यायनं, जेलायनं अन् कोर्टायनं दर महिन्याले आम्हाले माहिती पाठवाची. किती पकडले, किती सुटले, किती आत आहेत. ठाण्याचा कॉम्प्युटर कोर्टाच्या कॉम्प्युटरशी बोलत नाही, कोर्टाचा जेलच्या कॉम्प्युटरशी बोलत नाही. तीन भाऊ एका घरात अन् बोलचाल बंद, अशी गत! यायचा मेळ आम्ही बसवाचा. आम्ही म्हणजे मी अन् ऑपरेटर देवांगन भैया. वरून साहेब.

या कामात एक शब्द रोज ऐकाले येते, निरंक. म्हणजे सांगण्यासारखं काही नाही. खुर्चीवरून न उठता लिहिता येते, म्हणून सगळ्यायच्या मोठ्या आवडीचा आहे.

* * *

एका ठाण्याचा रिपोर्ट आला. चोरी निरंक, मारपीट निरंक, अटक निरंक. म्हटलं, चला, रामराज्य आलं! खाली पाहते तं 'ठाण्यात हजर कर्मचारी', तिथंबी निरंक.

मी लगेच फोन लावला. पहिल्याच घंटीले उचलला.

"कौन बोल रहे हैं?"

"मुंशी बोल रहा हूँ, मैडम."

"आपके थाने में तो एक भी आदमी नहीं है! फिर आप कौन हैं?"

मंग एकदम समजूतदार आवाजात उत्तर आलं, "मैडम, मैं तो दूसरे थाने से अटैच हूँ!"

* * *

नवीन पोर्टल आलं तवाची गोष्ट. आरोपीचा धंदा कोणता, ते यादीतून निवडाचं होतं. निवडल्याबिगर पोर्टल पुढं सरकत नव्हतं. महिना संपला अन् एका जिल्ह्यातले सगळेच्या सगळे आरोपी वकील निघाले! कोंबडी चोरणारा वकील, सायकल चोरणारा वकील, दारू पिऊन नालीत पडलेला तोबी वकील!

साहेबानं मीटिंगमध्ये चष्मा काढला. "ये तो गंभीर विषय है. वकीलों पर विशेष अभियान चलाना पड़ेगा."

देवांगन भैया छताकडं पाहून राहिलता. शेवटी मीच म्हटलं, "सर, यादीत पयला शब्द अधिवक्ता आहे. लोकं पयलाच दाबून राहिले."

"तो हटाओ उसको!"

हटवला. पुढल्या महिन्यात सगळे आरोपी मास्तर झाले. दुसरा शब्द अध्यापक होता ना!

आता साहेब म्हणे, अध्यापक हटाओ. देवांगन भैया हळूच मले म्हणते, "मैडम, सबसे ऊपर 'थाना प्रभारी' डाल दूँ?"

"डालो!" म्हटलं, "जे होईल ते होईल."

बाप्पा! त्या महिन्यात ठाण्यातल्या एका पोट्ट्यानंबी पयला शब्द, म्हणजे आपलाच ठाणेदार, दाबला नाही. मजूर मजुरात, ड्रायव्हर ड्रायव्हरात, सगळे आपापल्या जागी. ती यादी अजून तशीच आहे. साहेबाले माहीत नाही, अन् तुम्हीबी सांगू नका.

* * *

आता जेलचा किस्सा. कोणतं जेल ते नाही सांगत, लहानशा जिल्ह्यातलं आहे. पहिले जमानतीचा हुकूम घेऊन कोर्टाचा माणूस जेलात जाये. मंग ठरलं, कोर्ट ईमेल करीन, एका मिनिटात हुकूम पोचीन. आम्ही लय खूश! पण या जेलकडून हुकूम पोचल्याची पावतीच येईना. मी जेलरले फोन लावला.

"मेल तो आता होगा मैडम," जेलर एकदम गोड माणूस. "पर पासवर्ड वर्माजी के पास है."

"वर्माजी को बुलाइए."

"उनका तो ट्रांसफर हो गया."

वर्माजीले शोधून काढलं. ते म्हणे, "मैडम, चार्ज देते समय मैंने टेबल लिखकर दिया, कुर्सी लिखकर दी, पंखा लिखकर दिया. पासवर्ड का तो कोई कॉलम ही नहीं था. बिना कॉलम के कैसे दे दूँ?"

बरं म्हटलं, नवीन आयडी बनवू. वरून मंजुरी आणली. आठवड्यानं जेलरले इचारलं, "नया आईडी चालू किया?"

"आदेश ही नहीं आया, मैडम."

"कैसे नहीं आया? मेल किया है!"

"मेल तो खुलता नहीं ना, मैडम!"

* * *

हसून घ्या. मीबी हसलीच होती. मंग एक दिवस आमच्या ऑफिसच्या गेटवर एक बाई आली, सुकवारो नावाची. नवा रायपूरचे रस्ते तुम्हाले माहीत आहेत, लंबेच्या लंबे अन् बसचा पत्ता नाही. उन्हात चालत आलती. तिले कोणं तरी सांगतलं होतं का, इथं सगळ्या कैद्यायचा हिशेब राहते.

तिचा नवरा मनराखन. बस स्टँडवर त्याचा चायचा ठेला. ठेल्यापाशी दोघायची मारपीट झाली, पोलिसायनं तिघायले उचललं, तिसरा हा. त्याले जमानत होऊन कितीतरी दिवस झालते अन् तो अजून आतच! कोर्टात गेली तं बाबू म्हणे, आम्ही हुकूम पाठवला. जेलात गेली तं म्हणे, आमच्याकडं आलाच नाही. वकील तं हुकूम झाला त्याच दिवशी मोकळा झालता. कोणतं जेल, ते तुम्हीच समजा.

"मुलाकात मा ओला बता डरे हँव, तोर जमानत होगे हे," ती म्हणे. "हर बेर पूछथे दीदी, त घर कब जाहूँ?" भेटीत तिनं जमानतीचं सांगतलं तवापासून तो दर बारी इचारे, मंग मी घरी कधी जाऊ?

मले तिच्याकडं पाहाची लाज वाटली, खरंच सांगते. मेल उघडत नाही म्हणून आम्ही हसून राहिलतो, अन् त्या मेलात हिचा माणूस पडून होता.

मी कोर्टातून हुकुमाची नक्कल काढली अन् जेलात पोस्टानं पाठवली. ती वापस आली. वर शेरा मारलेला, 'उचित माध्यम से भेजें.' अन् उचित माध्यम कोणतं? ईमेल!

मंग माही सटकली. मी देवांगन भैयाले म्हटलं, फॉर्मात शेवटी एक कॉलम टाक. 'जमानत हो गई, फिर भी अंदर.' तो म्हणे, "साहब से पूछ लेते हैं, मैडम." म्हटलं, "यादीच्या येळेस इचारलं होतं का?" त्यानं गपचूप टाकला.

* * *

पहिल्याच महिन्यात त्या कॉलमात सगळीकडून काय आलं? निरंक! मी जेलरले पुन्हा फोन केला.

"तुमच्याकडं मनराखन आहे ना?" मी हिंदीत इचारलं.

"हाँ हाँ, है ना! बहुत भला आदमी है, मैडम. चाय ऐसी बनाता है, तेजपत्ता डालके, क्या बताऊँ! पहले स्टाफ घर से थर्मस लाता था, अब कोई नहीं लाता. कभी आइए, पिलाते हैं."

"अन् त्याची जमानत?"

"जमानत तो निरंक है, मैडम."

असा चायवाला कोण सोडीन हो! मी फोन असा आपटला का देवांगन भैया दचकला. म्हणे, "मैडम, फोन सरकारी है."

* * *

आता साहेबाची बारी. वरच्या मोठ्या साहेबासमोर साऱ्या जेलायची व्हिडिओ मीटिंग होती. आमच्या साहेबानं तक्ता पाहिला, अन् शेवटच्या कॉलमावर बोट ठेवलं.

"ये किसने जोड़ा?"

"मैंने, सर."

"हटाइए इसको. कोई पूछ लेगा तो जवाब कौन देगा? दूसरे राज्यों में ये कॉलम है क्या?"

"नाही सर," म्हटलं, "कॉलम नाही. माणसं असतीन."

साहेबानं तक्ता बाजूले सारला. मंग हळू आवाजात म्हणे, "रामटेके मैडम, बस्तर में पोस्ट खाली है."

"तिथंबी जेल आहेच ना, सर. तिथून पाठवीन आकडे!"

माहे बाबा रेल्वेत केबिनवर होते, जिंदगीभर सिग्नल दिला. ते सांगत, लाइन न पाहता 'क्लिअर' म्हणणाऱ्या माणसाले केबिनवर एक दिवस ठेवत नाहीत. आमच्या सेलात त्याले प्रमोशन देतात! हे मी साहेबाले तोंडावर बोलली. देवांगन भैया पाणी प्याले बाहेर गेला तं आलाच नाही.

शेवटी साहेबानं तोडगा काढला. म्हणे, मीटिंगमध्ये प्रत्येक जेलले तोंडी इचारू. सगळे निरंक म्हणाले तं कॉलमचं काही कामच नाही, त्याच दिवशी काढून टाकू. म्हणजे कॉलम गेला का मनराखनबी गेला. मंग तो कोणाच्याच तक्त्यात नसता. मी 'हव' म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

घरी माहा पोरगा म्हणे, "मम्मी, तुम क्यों लड़ रही हो? तुम्हारा क्या जाता है?" म्हटलं, तुह्या बापाले कोणी आत ठेवलं असतं तं? त्याचा बाप पेपर वाचून राहिलता, त्यानं पेपर खाली केला अन् म्हणे, "मले काहून मधात आणता?"

* * *

मीटिंगचा दिवस. सुकवारोले मी बोलावलं होतं, ती गेटवरच्या बाकड्यावर बसली. आत यायची परवानगी भेटली नाही.

समोर मोठा पडदा, त्यावर खिडक्याच खिडक्या, एकेका खिडकीत एकेक जेलर. सगळे कडक इस्त्रीत. मोठे साहेब मधात बसले. आमचे साहेब नाव घेत अन् तिकडून उत्तर येये.

"निरंक, सर."

"निरंक, सर."

"निरंक है, सर."

आमचे साहेब दर निरंकले माह्याकडं पाहत. मी मान खाली घालून बसली होती. मंग आपला गोड जेलर आला. त्याची खिडकी पडद्यावर मोठी झाली. मांग भिंत, भिंतीवर घड्याळ, बाजूले दार.

"निरंक, सर. हमारे यहाँ सब व्यवस्थित है."

साहेब पुढलं नाव घेणार तेवढ्यात मी माइक ओढला. साहेबाच्या हातातून ओढला, खोटं काहून बोलू!

"सर, एकच गोष्ट. मी कागदाले नाही इचारत, माणसाले इचारते." अन् पडद्याकडं पाहून छत्तीसगढीत जोरानं म्हटलं, "उहाँ जेखर जमानत होगे हे, अउ तभो ले भितरी मा हे, ओ हाथ उठावय!" म्हणजे ज्याची जमानत झाली अन् तरीबी जो आत आहे, त्यानं हात वर कराचा.

आमच्या साहेबायनं डोकं धरलं. जेलरले तं हसूच आलं. "मैडम, ये तो मेरा ऑफिस है. यहाँ कैदी कहाँ? यहाँ तो बस स्टाफ है."

पण मी बोलून राहिलती तवाच त्याच्या मांगचं दार उघडून एक माणूस चाय घेऊन आत आलता. पांढरा सदरा, हातात ट्रे, ट्रेमध्ये वाफाळते कप. तो दारातच थांबला. त्यानं इकडंतिकडं पाहिलं, मंग ट्रे हळूच स्टुलावर ठेवला, एकबी कप न सांडू देता. हात सदऱ्याले पुसला.

अन् वर केला.

मोठ्या साहेबायनं खुर्ची पुढं घेतली, चष्मा लावला अन् पडद्याकडं पाहत राहिले. बाकीच्या खिडक्यायमधले जेलरबी पाहून राहिलते.

एकट्या त्या जेलरची पाठ दाराकडं होती. तो कॅमेऱ्यात पाहून हसून सांगतच होता, "निरंक है, सर. बिलकुल निरंक."