जर्दाळूला दिलेला ताण

पंधरा डिसेंबरची सकाळ. ठरलेली रक्कम दोनशे रुपये, अंगणातले जर्दाळूचे झाड तोडण्याची. हजर तिघे: मी, बायको आणि तोडायला बोलावलेला, संत्र्याच्या बागांत काम करणारा एक माणूस. त्याचे नाव मी विचारलेच नाही.

पाच वर्षे झाडाला फूल नव्हते. त्याने कुऱ्हाड उचललीच नाही. बुंध्याशी बसून चिमूटभर माती घेतली आणि हुंगली.

"भाऊ, पाणी किती देता याले?"

"रोज दहा लिटर. मोजून."

तो हसला. "संत्र्याले आमी ताण देतो. महिनाभर पाणी बंद, मंग बहार. तुमी याले कधी तहानच लागू देली नाही, तं फुलीन कायले?"

बायको म्हणाली, "पाहा! दोष तुमच्या बादलीचा निघाला."

त्याने उरलेली पाने एकेक करून हाताने खुडली आणि पैसे न घेताच सायकलवर बसला. "फळ धरलं तं पाहू."

महिनाभर मी रिकामी बादली धरून अंगणात उभा राहत असे. मग पाणी सोडले, आणि सतराव्या दिवशी उघड्या फांदीवर पांढरे-गुलाबी फूल! मी ओरडलोच. संध्याकाळपर्यंत नऊ झाली. मी तीनदा मोजली.

एप्रिलअखेर दोन फळे पिकली. त्याची सायकल रस्त्यात अडवून मी दोनशे रुपये पुढे केले.

"तोडलं कुठं म्या?" म्हणत त्याने ते परत केले.

लहान फळ आम्ही दोघांनी वाटून खाल्ले. मोठे त्याला दिले.