उन्हातली जागा

रामदासपेठेत शाळेच्या फाटकाशेजारी, निंबाच्या सावलीत महादेवरावांचा पानठेला होता. जागा मोठी मोक्याची. शाळा सुटली की चॉकलेटसाठी बारकी पोरं, संध्याकाळी शिकवणी वर्गातली मोठी पोरं, आणि दिवसभर जवळच्या दवाखान्यातले वॉर्डबॉय, पेशंटचे नातेवाईक, ऑटोवाले. महादेवराव काथा-चुना लावता लावता बोलत आणि माणसं पान तोंडात टाकूनही हलत नसत. कोणाचं लगन मोडलं, वॉर्डाच्या निवडणुकीत या वेळी कोण पडणार, संत्र्याला भाव का नाही, सगळ्यावर त्यांचा शब्द शेवटचा. हातच्या पानापेक्षा त्यांना या बैठकीचा अभिमान जास्त होता.

चंपत त्यांच्याच गावचा, काटोलकडचा. गावात काम राहिलं नाही तसा तो नागपुरात त्यांच्याच दारी आला. महादेवरावांनी त्याला पान लावायला शिकवलं, सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटायला शिकवलं आणि ठेल्याची जागाही दाखवली. रस्त्यापलीकडे, वळणाच्या पुढे, नालीच्या काठाला. तिथे सकाळपासून दिवस मावळेपर्यंत ऊन. निंबाखाली दुसरा ठेला सहज मावला असता, पण गिऱ्हाईक वाटून घ्यायची महादेवरावांची तयारी नव्हती. चंपतने हे ओळखलं की नाही कोण जाणे. त्याने वर ताडपत्री ताणली आणि मुकाट्याने धंद्याला बसला.

अशी बरीच वर्षं गेली. मग महापालिकेने ठरवलं की तंबाखू, विडी, सिगारेट विकायची तर वेगळा परवाना घ्यावा लागेल. शाळेपासून शंभर मीटरच्या आत कोणालाच तो मिळणार नाही. ज्याला मिळेल त्याने चॉकलेट-बिस्किटं ठेवायची नाहीत, आणि अठरा वर्षांखालच्या पोराला काडीसुद्धा द्यायची नाही.

महादेवराव हसले. तपासणीला महापालिकेच्या मॅडम आल्या तेव्हा त्यांच्यासमोर त्यांनी मीठा पान धरलं.

"मॅडम, अर्धं शहर मले ओळखते. मले काय परवाना मागून राहिले?"

मॅडमनी पान घेतलं नाही. फाटकापासून ठेल्यापर्यंत टेप सगळी उलगडावीही लागली नाही. मग त्या रस्ता ओलांडून, वळण घेऊन चंपतच्या ठेल्याकडे गेल्या. नालीकाठची ती जागा हद्दीच्या जेमतेम बाहेर निघाली.

महिन्याभरात चंपतच्या ठेल्यावर चौकटीत मढवलेला परवाना लटकला. शेजारी लाल अक्षरांची पाटी लागली, अठरा वर्षांखालच्यांना काही मिळणार नाही म्हणून. तंबाखूवाचून पानाला कोणी विचारेना, तेव्हा महादेवरावांच्या ठेल्यावर राहिल्या पाण्याच्या बाटल्या, चिप्स आणि गोळ्या.

दुसऱ्याला उन्हाची जागा देऊन सावलीतला माणूस पस्तावला, असं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

गल्ला हलका झाला त्याचं त्यांना तेवढं वाटलं नाही. त्यांना लागलं ते माणसांचं जाणं. श्रीधर ऑटोवाला त्यांचा सर्वांत जुना गिऱ्हाईक. सुरुवातीला तो लाजेकाजेने त्यांच्याकडे पाण्याची बाटली घेई, दोन शब्द बोले आणि "येतो गा भाऊ" म्हणून रस्ता ओलांडी. पुढे पुढे बाटलीही राहिली. बघता बघता अख्खी बैठक ताडपत्रीखाली गेली. तिकडे हशा उठला की महादेवरावांचा हात बरणीवर थांबे. चंपत असं काय सांगतो? त्याला बोलता तरी कुठे येतं? आपलेच किस्से सांगत असेल! का आपल्यावरच हसतात? इकडे शाळेतली पोरं त्यांना 'चिप्सवाले काका' म्हणू लागली होती. त्या नावाने त्यांच्या अंगाचा तिळपापड होई.

घरी ताटावर बसले तरी डोळ्यांसमोर ती चौकट. एकदा सुभद्रा, त्यांची बायको, म्हणालीच, "तुमी भाकर चावून राहिले का चंपतभाऊले?"

एक दिवस त्यांना हवं ते दिसलं. पाठीला बॅग लावलेल्या, मिसरूडही न फुटलेल्या पोराला चंपतने सिगारेट दिली. महादेवरावांनी ठेला झाकला आणि थेट महापालिकेचं कार्यालय गाठलं. "अकरावीतलं पोरगं आहे, मी ओळखतो त्याले," असं ठोकून दिलं. ते त्या पोराला मुळीच ओळखत नव्हते.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या तेव्हा ते पोरगं नेमकं तिथेच उभं होतं. त्याने खिशातून ओळखपत्र काढलं. दवाखान्यात नर्सिंग शिकणारा, विशी ओलांडलेला मुलगा निघाला. चंपतने ते आधीच पाहून घेतलेलं होतं. मॅडमनी निंबाकडे एक नजर टाकली आणि निघून गेल्या. चंपतनेही पाहिलं. महादेवराव चिप्सच्या पुड्या उगाच खालीवर करत राहिले.

चंपत काहीच बोलला नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. आईबहिणीवरून चार शिव्या घातल्या असत्या तर हिशेब मिटला असता. या गप्प राहण्याने चंपत आणखीच मोठा झाला, आणि महादेवराव आणखी जळले.

त्यांचा पिंटू सोळा वर्षांचा, तिथल्याच एका शिकवणीला जाई. क्लास सुटला की ठेल्यावर येऊन पाणी पिई आणि बापाने काही विचारलं की मोबाइलमध्ये तोंड घालून "हं" म्हणे. एका दुपारी तो इकडे आलाच नाही. दोन मित्रांबरोबर सरळ पलीकडे गेला. महादेवरावांनी पाहिलं, पिंटूने चंपतपुढे हात केला आणि दोन बोटं ओठाशी नेऊन दाखवली.

त्या क्षणी बापाच्या मनात पहिल्यांदा जे आलं, तो राग नव्हता. काळजीही नव्हती. तो आनंद होता. आता सापडला चंपत्या! त्यांनी झटकन फोन काढला आणि रस्त्यापलीकडे रोखला. पडद्यावर चंपतचा हात होता, परवान्याची चौकट होती आणि मधोमध पिंटूचं तोंड होतं.

पण चंपतचा हात बरणीकडे गेला नाही. तो पाटीकडे गेला. मित्र हळूच सटकले. पिंटूही निघाला, तशी चंपतने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला थांबवलं आणि काहीतरी बोलत राहिला. पोरगं मान खाली घालून ऐकत होतं. त्याचा मोबाइल चक्क खिशात होता. शेवटी त्याने मान डोलावली.

महादेवरावांचा फोन खाली आला. आपलं पोर वाचलं याचं बरं वाटायला हवं होतं, पण उरात उठली ती कळ. माझं पोरगं माझ्यापुढे कधी असं उभं राहिलं? माणसं नेली, बैठक नेली, आता पोरगंही याचंच ऐकणार?

ते रस्ता ओलांडून तरातरा गेले. "काय सांगून राहिला होता बे माझ्या पोराले?"

ताडपत्रीखालची माणसं वळून बघू लागली. श्रीधरने मान फिरवली.

"सिगारेट मागून राहिला होता भाऊ. नाही म्हटलं," चंपत हळू आवाजात म्हणाला.

"एवढ्याले इतका वेळ लागते?"

चंपतने पाटीकडे पाहिलं. "तो म्हणे, बाबा तर सगळ्यांच्या पोरांले देत होते, तुमी काहून नाही देत? मी म्हटलं, तुझ्या बाबाजवळ तवा पाटी नव्हती. मले पाटीकडे बोट दाखवता येते, म्हणून जमते. नाही तर मीही दिलीच असती."

महादेवरावांना वाटलं, आता हा तक्रारीचं काढेल. ते वाट पाहत उभे राहिले. काढावंच, असंही त्यांना वाटत होतं. चंपतने एका गिऱ्हाइकाला विडीचा कट्टा दिला आणि विचारलं, "उन्हात काहून उभे आहा भाऊ? आत या ना."

ते आत गेले नाहीत.

घरी त्यांनी पिंटूला हात लावला नाही, शब्दही बोलले नाहीत. सुभद्राला मात्र सगळं सांगितलं, फोन रोखल्याचंसुद्धा. तिने हातातली पळी खाली ठेवली.

"पोराचा फोटो काढून चंपतभाऊले अडकवणार होते तुमी? दुसऱ्यावर जळता जळता आपलंच घर पेटवून राहिले होते, कळते का?"

त्यांनी मान डोलावली. फोनमध्ये फोटो निघाला होता. तो त्यांनी तिच्यासमोर पुसला.

त्या पावसाळ्यात सुभद्रा स्वतः पोह्यांचं पातेलं घेऊन निंबाखाली उभी राहिली. तिच्या हातची चण्याची झणझणीत तर्री नात्यागोत्यात नावाजलेली. सकाळी पोह्यांवर लालभडक तर्री ओतली की दवाखान्याची रातपाळी सुटलेली माणसं वासानेच थांबत. ऑटोवाले परत आले. श्रीधर आला. महादेवराव प्लेटी लावता लावता पुन्हा बोलू लागले. दिवस वर आला की माणसं अजूनही पलीकडे जातात आणि तिकडून हशा ऐकू येतो. तो ऐकला की त्यांचं तोंड अजूनही कडू होतं. ते ही गोष्ट कोणापासून लपवत नाहीत.

चंपतही ठेला उघडण्याआधी इकडेच नाश्त्याला येतो. पिंटू त्याला "काका, बसा" म्हणून बाकावर जागा करून देतो. महादेवराव पोहे मात्र भरपूर वाढतात. तर्री वाढताना त्यांचा हात अजून थोडा आखडतो. चंपत हे पाहतो आणि प्लेट सुभद्रापुढे धरतो.

"वहिनी, थोडी अजून टाका वं."

ती पळी भरून ओतते. महादेवराव दुसरीकडे बघतात.